चौरंगापुढचा डाग

॥ श्री ॥
हळदीची पेठ, सांगली
१८ डिसेंबर १९७१

बने,

खुशाली इचारायला हात वळंना, म्हनून इचारत न्हाई. आईचं पत्र काल आलं. नाथाजी मास्तरानं लिवल्यालं, त्याचं अक्षर मला ठावं हाय. दारातच उभ्यानं वाचलं. मानसिंगला गोळी लागली म्हनून तार आली. कुटं लागली, किती लागली, काय सुदीक न्हाई तारंत. आन् त्याच पत्रात फुडं तू केल्याला परताप.

खरं हाय का ते? मला दुसऱ्याच्या तोंडचं नगं, तुज्या तोंडचं सांग.

लढाई सुरू झाली तवा आईनं नवस बोलला, मानसिंग घरला येईपतोर रोज दिवेलागणीला पोथीचा एक अध्याय. तू सातवी शिकल्याली, म्हनून वाचनार तू. आळीतल्या बाया ऐकायला यायच्या, त्यास्नी अर्थ सांगनार बी तूच. मला केवढं बरं वाटलं हुतं! मी हितं चार बायकांत सांगत सुटले, आमची भावजय पोथी वाचतीया म्हनून. आन् तू शुक्रवारी काय केलंस? अध्याय अर्ध्यात टाकून उठलीस. पोथी चौरंगावर तशीच उगडी. चौरंगाफुडं जमिनीवर रगताचा डाग. आन् भरल्या घरात बायांस्नी म्हनालीस, "मला कावळा शिवलाय, आज पोथी बंद, घरला जावा."

आगं, बाईला आदी कळत न्हाई व्हय? पाठ धरती, पोट दुखतं. तुला कळलं आसंल. पन बायांत मिरवायचं हुतं ना, सगळ्यांत शानी बनुबाई! बाहेरची असून पोथीला शिवलीस, आन् मंगळवारी तार आली. आता मी कुनाला बोल लावू?

मानसिंगला मी कडंवर घिऊन वाढवलाय. आई रानात जायची तवा त्यो माज्याच कडंवर आसायचा. त्यो तुजा दादला हुयाच्या आदी माजा भाऊ हाय, ह्ये ध्यानात ठिव. हंबीरराव आबांनी पोथी तुज्याकडनं काढून देवळात नेऊन ठिवली, ते लय झ्याक केलं.

उत्तर दे. आन् शाळंतलं शानपन माज्याफुडं पाजळू नगंस.

राही

*

उंब्रजजवळची वाडी
२३ डिसेंबर १९७१

वन्सं,

तुमच्या पत्रात आशीर्वाद नव्हता, तरी मी नमस्कार करते. रीत मोडली म्हणून माझ्यावर एक आरोप हायच, दुसरा नको.

होय, मी अध्याय अर्ध्यात सोडून उठले. होय, पोथी उघडी राहिली. होय, जमिनीवर डाग पडला, आणि तो मीच शेणानं सारवून काढला. बायांना जे सांगितलं ते माझ्याच तोंडानं सांगितलं, त्यातला एक शब्द मी आज माघारी घेत नाही. पण तुमी म्हणता मिरवायला बसले, ते मातर खोटं, आणि ते मी ऐकून घेणार नाही.

मिरवायला काय होतं तिथं? अंगणात म्हशीच्या धारा, चुलीवर कालवण, मांडीवर शेवंता दूध पितीय, आणि एका हातानं पान धरून मी वाचायची. कवा कवा पोरगी पानच ओढायची. धोंडुबाईला वाती वळताना झोप लागायची, पण अर्थ सांगायला लागले की दचकून म्हणायची, "थांब गं, परत सांग. म्हंजे देव रागावतो का न्हाई रागावत?" अख्तरबी उंबऱ्याच्या भाईर बसायची, तिला आत ये म्हणलं तर म्हणायची, "हितनं बी ऐकू येतंय की." अर्ध्या येळा मलाच अर्थ लागायचा नाही. मग आमी सगळ्या मिळून डोकं खाजवत बसायचो. हेच माझं मिरवणं.

तुमाला सांगते, लढाई लागल्यापासनं मी रेडिओवरच्या बातम्या अर्ध्यात बंद करायची. सकाळी पोथीतली एक ओवी ध्यानात धरायची, आणि दिवसभर तीच तोंडात ठेवून शेण काढायचं, पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या. संध्याकाळपतोर त्या ओवीचा काय तरी अर्थ लागलेला असायचा. त्याच्यावर मी उभी होते, वन्सं. ती काठी चुलत मामंजींनी, म्हंजे तुमच्या आबांनी काढून घेतली. आणि तुमी म्हणता झ्याक केलं.

एक सांगा. तुमच्या भावाचं रगत सांडलं तर त्याला गावात हार घालतील, कमान उभी करतील. बाईचं रगत सांडलं की तो विटाळ. देवाला रगतातलं एवढं कळतं व्हय? मी त्या पोथीत बघितलंय, पानं उलटून उलटून बघितलंय. मला तसं कुठं सापडलं नाही.

तार आल्यापासनं मी रोज पोस्टमनच्या वाटंला डोळे लावते. तुमच्या आई, आत्याबाई, माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या हातची भाकरी खातात, मान खाली घालून. मामंजींनी निकाल दिलाय, संक्रांतीला सगळ्या सवाष्णी वाण घेऊन भैरोबाच्या देवळात ववसायला येतील, तवा त्यांच्या समोर बनूनं देवापुढं नाक घासायचं. तरच पोथी घरात माघारी येईल. न्हाईतर पोथी देवळात आणि बनू खंडाळ्याला माहेरी.

मी नाक घासणार नाही.

बनू

*

सांगली
२९ डिसेंबर १९७१

बने,

आगं बाई, केवढी ही मस्ती! नाक घासलं तर नाक झिजतंय व्हय तुजं?

मी इकडं रोज एक येळंला जेवतीया. औंधच्या यमाईला खण कबूल केलाय, मारुतीला तेल घालून आले, कोन काय सांगंल ते करतीया. एकीनं सांगितलं, पिंपळाला फेऱ्या घाल, घातल्या. त्या करताना मी इचारत बसले न्हाई की पोथीत लिवलंय का न्हाई. जीव अडकलाय तिथं अर्थ कसला इचारतीस? तू नाक घास आन् मोकळी हो. बायांम्होरं घासायचं तर घासायचं. त्या काय परक्या हायत?

आबा तापट हायत, मला ठावं हाय. पन आमचा बा गेल्यावर त्यांनीच घर सावरलं. त्यांचा शबूद मोडून तू ऱ्हानार कुटं? खंडाळ्याला जाऊन बसशील, आन् मानसिंग लंगडत घरला आला तर त्याला पानी कोन दील? आई? तिच्यात काय ऱ्हायलंय आता? दिवाळीला आल्ते तवा बघितलं मी, उटताना भिताडाला धरून उटतीया. मी म्हनलं काय हुतंय, तर म्हनाली, "वय झालं."

आई तुज्यासंगं बोलत न्हाई म्हंतीस. बोलंल कशी? तिच्या पोटचा गोळा तिकडं पडलाय, आन् ज्या सुनंला तिनं आपल्या हातानं पोथीम्होरं बसवलं, तिनंच घात केला. तिच्या काळजाला काय लागलं आसंल, त्याचा इचार कर जरा. माजी आई कवा कुनाला वाईट बोलनारी न्हवं. ती गप हाय म्हंजे लयच दुखावलीया.

आन् ते रगताचं काय लिवलंस, ते मी दोनदा वाचलं. मालकांच्या हाती पडू नये म्हनून पत्र तांदळाच्या डब्यात घातलंय. असलं कुनी लिवतं व्हय कागदावर!

नाक घास. माज्या भावासाटी घास. हात जोडते.

राही

*

वाडी
५ जानेवारी १९७२

वन्सं,

आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. ह्यांचं पत्र आलं. गोळी पोटरीत लागली होती, काढली. हाड शाबूत हाय. पठाणकोटच्या पल्याड मिलिटरीच्या दवाखान्यात हायत, तिथली नर्स मल्याळी हाय आणि तिची मराठी ऐकून हसू येतं, असं लिवलंय. शेवंताला दात आला का विचारलंय. आत्याबाईंनी पत्र माझ्या हातातनं घेतलं, वाचता येत नाही तरी किती येळ बघत बसल्या.

आता पुढचं ऐका, आणि बसून ऐका. ह्यांनी तारीख लिवलीय. गोळी लागली बुधवारी, आठ तारखेला. मी पोथी सोडून उठले शुक्रवारी, दहा तारखेला. तार यायला येळ लागला एवढंच. म्हंजे ज्या बुधवारी गोळी लागली, त्या बुधवारी मी अख्खा अध्याय वाचला होता, आरती केली होती, खडीसाखर वाटली होती. आता मला सांगा, गोळी कशानं लागली? पोथी वाचल्यामुळं?

हेच मी पदर डोक्यावर घेऊन मामंजींना विचारलं. सोप्यात बसून पान लावत होते. त्यांनी काय उत्तर द्यावं? म्हणाले, "देवाला सगळं आदीच कळतंय. तू शुक्रवारी काय करनार ते त्याला बुधवारीच ठावं हुतं."

वन्सं, मी हसले. त्यांच्या तोंडावर हसले. चुकलंच माझं, पण माझ्यानं राहवलं नाही. म्हंजे देव बनुबाईवर डूख धरून बसलेला, आणि बनुबाईनं अजून काय केलं नसताना तिच्या दादल्याला गोळी घालतोय! असला देव हंबीररावांचा असंल. मी वाचत होते त्या पोथीतला नव्हता. तेवढा तर मला अर्थ लागलाय.

मामंजी उठून उभे राहिले. म्हणाले, "लढाई जिंकली, लेक वाचला, ह्ये देवाचं उपकार. पन विटाळ त्यो विटाळ. संक्रांतीला नाक, न्हाईतर खंडाळा." मला वाटलं, आता तरी आत्याबाई एक शब्द बोलतील. त्या कणगीला टेकून उभ्या होत्या. आत निघून गेल्या. मला राग आला वन्सं, खरंच राग आला. त्यांचा सुदा. इतका की त्या दिवशी मी त्यांना भाकरी वाढली ती आदळून वाढली. मग माझीच मला लाज वाटली.

पोथी नाही तर मी आठवंल तेवढं म्हणते. दळताना म्हणते, मधलं विसरते, गाडी अडते. धोंडुबाई विहिरीवर हळूच विचारते, "त्या अध्यायात फुडं काय झालं गं?" मी म्हणते, पुढं मलाच माहीत नाही, तिथंच तर उठले. बायांना ऐकायचंय. पण एक बी बाई मामंजींसमोर बोलत नाही.

तुमी म्हणता नाक झिजत नाही. नाक झिजत नाही, खरं हाय. पण नाक घासलं की मी म्हणले असं होतं की त्या दिवशी उठले ते पाप होतं. ते पाप नव्हतं. उद्या परत तसंच झालं तर मी परत उठंन, अध्याय कितवा बी असू दे. मग खोटं नाक घासून ती पोथी घरात आणून मी तिच्यात वाचू काय?

ह्यांना मी ह्यातलं काहीच कळवलेलं नाही. दवाखान्यात पडलेल्या माणसाला घरची भांडणं कशाला. तुमी पण कळवू नका.

बनू

*

सांगली
१० जानेवारी १९७२

बने,

मानसिंगची बातमी वाचून मी पेठंत पेढं वाटलं. यमाईचा खण आता दुप्पट.

पन तुज्या पत्रातली एक ओळ माज्या डोक्यातनं जाईना. "उद्या परत तसंच झालं तर मी परत उठंन." कावळा शिवला म्हनून उटली आसतीस तर आसं लिवलं नसतंस. बाई तवा मनानं उटत न्हाई, उटावंच लागतं. मग तू कशापायी उटलीस?

आन् आज सकाळी हळद निवडताना एकदम ध्यानात आलं. हातातलं सूप तसंच ऱ्हायलं. दिवाळीला मी आल्ते तवा म्हागल्या दारी बसून तूच मला म्हनालीस, "वन्सं, शेवंता अंगावर पितीया तवर मला काय तरास न्हाई, वरीस झालं शिवलं न्हाई." मी म्हनलं, नशीबवान हायेस. शेवंता अजून पितीया, तूच लिवलंस. मग शुक्रवारी तुला कुटनं शिवलं?

बने, ते रगत कुनाचं हुतं?

माज्या सासूनं हातरून धरलंय, मला संक्रांतीला येता येत न्हाई. न्हाईतर आजच एश्टीत बसले आसते. मला खरं सांग. मी तुला लय वंगाळ बोलले. खोटं बोलले आसंन तर मला कळू दे.

राही

*

वाडी
१६ जानेवारी १९७२

वन्सं,

तुमचं पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला आलं. मी भाजी निवडत होते. आत्याबाई पलीकडं तीळ भाजत होत्या. तुमची आधीची पत्रं आली तवा त्यांनी कवाच काय विचारलं नाही. ह्या येळी म्हणाल्या, "राहीचं हाय? वाच."

मला गाळून वाचता आलं असतं. खुशाली वाचली असती, पेढे वाचले असते, बाकीचं गिळलं असतं. पण रागच एवढा साठला होता की मी एक अक्षर गाळलं नाही. "बने, ते रगत कुनाचं हुतं?" हे सुदा मोठ्यानं वाचलं. आत्याबाईंचे तीळ करपले. मी पिशवी भरली, शेवंताची दुपटी घातली, खंडाळ्याची गाडी किती वाजता हाय ते धोंडुबाईच्या मालकाला विचारून आले.

संक्रांतीला सकाळी नवं लुगडं नेसून, सुगडी घेऊन देवळात गेले. नाक घासायला नव्हे, ववसायला. मी सवाष्ण हाय, माझा मालक जिवंत हाय, मला कोण अडवणार? बाया दाटीनं बसल्या होत्या. मामंजी खांबाला टेकून उभे, शेजारी गुरव केरबा. पोथी देवाजवळच्या कोनाड्यात, तिच्यावर धूळ. मामंजी म्हणाले, "हं. फुडं हो." मी म्हणाले, "मी घासणार न्हाई. मी माहेरी जाते. पण जायच्या आधी एवढं सांगते, की मी काय बी वाईट केलेलं न्हाई."

केरबा म्हणाला, "देवाम्होरं उलटं बोलतीया!" बायांत कुजबूज सुरू झाली. आणि तेवढ्यात दारातनं आत्याबाई आल्या.

तुमाला ठावं हाय वन्सं, विधवा बाई त्या दिवशी ववशाच्या बायांत येत नाही. वाटंत सुदा आडवी जात नाही. त्या सरळ मधनं आल्या, भिंतीला, खांबाला धरत धरत. मामंजी ओरडले, "वैनी, तुमी हितं कशाला? आज काय दिस हाय, कळत न्हाई?" आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. देवापुढं बसल्या आणि म्हणाल्या, "नाक घासायचं तर मी घासते. रगत माजं हुतं."

केरबा दोन पावलं मागं सरला.

मग त्या बोलल्या. तुमच्या आईला मी कवा एवढं बोलताना ऐकलं नाही. म्हणाल्या, "चार वरसं झाली, माजं अंग भाईर येतंय. वज्जं उचललं की येतं, खोकलं की येतं. हातानं आत सारायचं आन् कामाला लागायचं. त्या दिशी म्हशीला उसाच्या वाढ्याचा भारा आनला, आन् पोथीला बसले. खोकला आला आन् रगत सुटलं. मी बनूकडं बघितलं. तिनं एकदाच बघितलं, आन् पोथी टाकून उटली. आपल्या अंगावरची शाल माज्याभवती गुंडाळली आन् बायांस्नी म्हनाली, माजंच हाय. मला आत नेऊन तिनं पुसलं, धुतलं, नीट केलं. लेकराचं करावं तसं केलं. मी तिच्या पाया पडले, म्हनलं कुनाला सांगू नगंस. तिनं न्हाई सांगितलं. तार आली, तुमी तिला नाय नाय ते बोललासा, माजी लेक बोलली, तरी तिनं न्हाई सांगितलं. आन् मी गप बसले. मास्तराकडनं पत्र लिवून घेतलं तवा बी खोटंच सांगितलं. घासू नाक? का आजून काय घासू?"

मामंजी खांबाकडं तोंड करून उभे होते. "बायकांच्या गोष्टी देवळात कशाला," असं काय तरी पुटपुटले आणि पायताण घालून निघाले. चुकलं म्हणाले नाहीत. ते कवाच म्हणणार नाहीत. मला अजून त्याचा संताप येतो. एवढ्या बायांपुढं माझं नाक घासायला निघालेला माणूस, आणि खरं कळल्यावर त्याला निस्तं खांबाकडं बघता आलं! केरबा पण त्यांच्या मागनं गेला.

मग झालं ते ऐका. धोंडुबाई उठली. ती झोपाळू धोंडुबाई! आत्याबाईंना म्हणाली, "रंगूबाई, मला बी तसंच हाय. धाकट्याच्या येळंपासनं." तिच्या शेजारची म्हणाली, "मला वाटलं मलाच हाय." मग आणखी एक. भाईर पायरीवर अख्तरबी बसली होती, ती म्हणाली, "आवं, मी तर चिंधी बांधून हिंडते." कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. सुगडी तशीच राहिली. एका बाईनं तर विचारलं, "मग हे सगळ्यांलाच हुतं का?" आणि मी पण आत्याबाईंकडंच बघायला लागले, मला काय ठावं.

पोथी आत्याबाईंनी स्वतः कोनाड्यातनं काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. संध्याकाळी बाया आल्या. मी चौरंगावर पोथी उघडली, पण वाचणं झालंच नाही. सगळ्या बोलतच बसल्या. कुणाला किती वरसं, कुणी काय पाला बांधला, कुणाला सासूनं काय सांगितलं. अख्तरबी पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आली, कारण भाईरनं तिला आपलं सांगता येईना. मी पोथीवर हात ठेवून ऐकत बसले. मला आधी वाटलं, अध्याय आज पण राहिला. मग वाटलं, राहू दे.

वन्सं, मी तुमच्यावर पण रागावले होते. अजून थोडा हाय. पण तुमी ती एक ओळ पकडली नसती तर आज मी खंडाळ्यात असते.

आता कामाचं. मिरजंच्या मोठ्या दवाखान्यात बायकांची डॉक्टरीण हाय म्हणतात. आत्याबाईंना मी घेऊन येते. मामंजींना विचारणार नाही, सांगणार. तुमी तिथं जवळ हायसा, चौकशी करून ठेवा.

तुमची बनू

*

सांगली
२१ जानेवारी १९७२

बनू,

तुजं पत्र मी म्हागल्या दारी, धुन्याच्या दगडावर बसून वाचलं. वाचताना हुंदका आवरंना. सासू आतनं वराडली, "काय झालं गं?" मी म्हनलं, डोळ्यात हळद गेली.

तुला मी काय काय बोलले! परताप, मिरवनं, घात. आन् आबांचं "लय झ्याक केलं" म्हनून लिवलं. माजी मलाच चीड येतीया. आन् आबांची त्याच्या दुप्पट. त्यांनी घर सावरलं, व्हय, सावरलं. म्हनून काय बाईचं नाक जमिनीला टेकवायचा मक्ता मिळाला? मानसिंग येऊ दे, त्याच्याम्होरं मी बोलनार हाय. आन् आईची बी मला चीड येतीया. चार वरसं! मी दर दिवाळीला येते, तिच्या कुशीत निजते, आन् मला एक शबूद न्हाई. मला सांगाय काय झालं हुतं तिला? सुनंनं मुकाट सोसलं, आन् लेक हितनं शिव्या देतीया, त्या ऐकून बी ती गप!

आसं मी मनातल्या मनात आईला बोलत हुते, धुनं आपटत. आन् एकदम हात थांबला.

चौकशी केली मी. दवाखान्यात सोमवारी आन् गुरवारी डॉक्टरीण आसती. सकाळी लवकर नंबर लावायचा. ती काय वंगाळ बोलत न्हाई म्हनं, हळूच तपासती. पाला, चिंधी बांधत बसायची गरज न्हाई, अंग सावरायला आत कड्या बसवत्यात, न्हाईतर ऑपरेशन करत्यात, बाई बरी हुती. पेठंतल्या एका बाईनं केलंय. तिला मी "माज्या आईला हाय" म्हनूनच इचारलं.

सोमवारच्या पैल्या एश्टीनं या. शेवंताला बी आन, मला तिला बघायचंय. पोथी बी आन. माज्या सासूला ऐकायचीया, आन् मला बी. तू सांगशील तो अर्थ मी गप बसून ऐकीन, शपथ.

आन् बनू, दवाखान्यात केसपेपर काढताना तू सातवी शिकल्याली, म्हनून खिडकीशी तूच हुबी ऱ्हाशील. आईचं नाव सांग. मग त्याच्या खाली माजं सांग. दुसऱ्या बाळंतपनापासनं. मालकांस्नी ठावं न्हाई.

तुजी राही